दारात आडवे पाय

आक्कांच्या पायांना हात लावल्याशिवाय आमच्या घरात कुणाला शिरता येत नसे आणि घरातून बाहेरही पडता येत नसे. सोप्याच्या दाराशी भिंतीला पाठ टेकून त्या बसत आणि दोन्ही पाय दारावर सरळ आडवे टाकत. दार अरुंद. नवखा माणूस आला की गोंधळायचा, म्हातारीला मान हवाय असं समजून वाकून नमस्कार करायचा, आणि आक्का खणखणीत आवाजात म्हणायच्या, "नमस्कार नगं. नाव सांग." तोंडानं नाव सांगून उपयोग नव्हता. आक्कांना ऐकू येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. मग आतून कुणीतरी ओरडायचं, "आवं, हातावर लिवा त्यांच्या!"

घरच्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. माझे सासरे आण्णा हे आक्कांचे धाकटे भाऊ. ते जाता-येता अंगठा दाबायचे. माझा नवरा महावीर गुडघ्यावर थाप मारायचा. मी घोट्याला हात लावायची. माझी लेक सिद्धी मात्र त्या पायांवरून उडी मारून आत यायची आणि मग मागं वळून तळव्याला गुदगुल्या करायची. आक्का पाय झाडत ओरडायच्या, "मुडदा बशिवला तुजा! हळू की गं!" आणि हसून हसून त्यांना ठसका लागायचा. दूधवाला, गॅसवाला, मीटर बघायला येणारा माणूस, सगळे या पायांना सरावले होते. मला मात्र सरावायला फार वर्षं लागली.

मी मुळात भित्री. पाल, वीज, परीक्षा, मोबाईलवर अनोळखी नंबर, मला कशाचीही भीती वाटते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं. लहानपणी सुट्टीला आत्याकडे, म्हणजे याच घरी यायचे, तेव्हा आक्कांचे पाय चुकवायला मागच्या गोठ्यातून आत शिरायचे. पुढं याच आत्याच्या मुलाला मला दिली. सांगलीच्या बाजूला आमच्या जैन शेतकरी घरांत ही रीतच आहे. घरातली पोर घरात द्यायची, ओळखीच्या उंबऱ्याआड ती सुखात राहते म्हणे. आत्या सासू झाली याचा आनंद होता, पण लग्नाच्या दिवशी दारात उभी राहिले तेव्हा समोर ते पाय होते आणि नव्या नवरीला गोठ्यातून आत जाता येत नव्हतं.

मी घोट्याला हात लावला. आक्कांनी माझं मनगट पकडून मला खाली ओढलं आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला. कपाळ, भुवया, गाल, हनुवटी. माझी पाचावर धारण बसली होती. सगळं वऱ्हाड बघतंय, आणि आक्का गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाक बसकं हाय. पर चालतंय. ही मागच्या दारानं येनारी पोरगी न्हवं?" म्हणजे त्यांना माहीत होतं! कसं कळलं होतं कुणास ठाऊक. मी शेवटपर्यंत विचारलं नाही, विचारायची भीती वाटली.

स्वतःचा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, त्यामुळे हळू बोलणं हे त्या विसरूनच गेल्या होत्या. गुपित सांगायचं म्हणून मला जवळ ओढायच्या, तोंडाला पदर लावायच्या, आणि ते गुपित चौकातल्या दूध डेअरीपर्यंत पोचायचं. "वैशे, तुज्या सासऱ्यानं परत तंबाकू सुरू केलीया, वास येतोय!" आण्णा तिकडं परड्यात हातातली पुडी टाकून द्यायचे.

लहानपणी चौथीपर्यंत त्या शाळेत गेल्या होत्या, अक्षरं येत होती. पुढं कान गेले, नजर गेली. आण्णांनी तळहातावर लिहून त्यांच्याशी बोलायची सवय लावली. बोटानं एकेक अक्षर काढायचं, शिरोरेषा द्यायची नाही. मी पडले प्राथमिक शाळेची मास्तरीण, गावातच पाचवीच्या वर्गावर. माझ्या हातून शिरोरेषा जायचीच. आक्का चापट मारायच्या, "डोक्यावर रेघ नगं वडूस. पत्रा घालतीयास व्हय अक्षरावर? गुदगुल्या हुत्यात." आक्कांचे डोळे आणि कान तापात गेले, असं मला सांगितलं होतं. लहानपणी मोठा ताप आला, डोक्यात गेला. सगळं गाव हेच सांगायचं आणि मीही वर्षानुवर्षं हेच सांगत होते.

आक्का निर्भय होत्या असं मी समजत होते. मागच्या मोठ्या पुरात तो समज गेला. कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं आणि पहाटे सगळ्यांची एकच धावपळ उडाली. जनावरं सोडा, कागदपत्रं घ्या, गॅस बंद करा. महावीरनं आक्कांना अंथरुणातून तसंच उचललं आणि ट्रॅक्टरकडे पळाला. आक्का किंचाळायला लागल्या. तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "काय झालंय रं? सांगा की! कोन मेलंय? कुठं न्हेताय मला?" त्यांनी महावीरच्या हाताला कडकडून चावा घेतला, रक्त आलं. ट्रॉलीत बसल्यावर मी त्यांच्या हातावर ‘पूर’ लिहिलं. त्या एकदम गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "येवढंच व्हय. आदी सांगायचं न्हाई व्हय गं?" पाणी ट्रॉलीच्या चाकांना लागत होतं, आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि त्या सुटकेचा श्वास टाकून भिंतीला टेकावं तशा माझ्या अंगाला टेकल्या.

पुढं दोनेक वर्षांनी सिद्धी माझ्याच वर्गात आली. तिला लहानपणापासून थोडं कमी ऐकू येतं, कानाला मशीन आहे. ते लावलं की तिला सगळं कळतं, आणि भांडायलाही ती कमी नाही. एकदा वर्गात एका परदेशी बाईंचा धडा आला. ऐकू न येणाऱ्या, न दिसणाऱ्या आणि तरी खूप शिकलेल्या. मागच्या बाकावरनं प्रश्न आला, "बाई, असं मानूस खरंच असतंय का? का नुसतं पुस्तकात?" मी उत्तर द्यायच्या आत सिद्धी उभी राहिली. "आमच्या दारात बसलेली असते की!"

पुढच्या बाकावरची पोरं मागं सरकून बसली. कारण आक्कांना सगळेच ओळखत होते, पण भीतीनं. गावातल्या आया जेवत नसलेल्या पोरांना सांगायच्या, "जेव, न्हाईतर आक्काकडं देईन." ती मुलं आक्कांच्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेनं पळायची. मला एकदम माझा गोठा आठवला. म्हटलं, चला, धडा पुस्तकात नको, दारातच करू.

शाळा सुटल्यावर सगळा वर्ग आमच्या अंगणात रांगेनं उभा. एकानं मला हळूच विचारलं, "बाई, त्या चावत्यात का?" महावीरच्या हाताची बातमी गावभर झाली होती! मी आक्कांच्या हातावर ‘शाळेची मुलं’ असं लिहिलं. आक्कांनी तळहात पुढं केला आणि गरजल्या, "या रं! येकेकानं नाव लिवा!" रांग दोन पावलं मागं सरकली. मग सिद्धीनं एका मैत्रिणीचं बोट धरून त्या तळहातावर टेकवलं. पोरगीनं डोळे गच्च मिटून लिहिलं. "अ... न... अनुजा! अनुजा, तुजा ‘ज’ कोंबडीच्या पायावानी हाय." मुलं हसली. मग मात्र ढकलाढकली सुरू झाली, मी आधी, मी आधी.

नावं संपल्यावर प्रश्न सुरू झाले. मुलं विचारायची, मी हातावर लिहायची. स्वप्नात दिसतं का? "दिसतंय की. पर मानसं सगळी तवाची. हा तुमचा आण्णा अजून चड्डीत दिसतोय." शेवटी कुणीतरी विचारलं, तुम्हाला भीती वाटते का? मला वाटलं, आता आक्का काहीतरी धीराचं सांगतील, धड्यातल्यासारखं.

"वाटती की. लय वाटती," आक्का म्हणाल्या. "समोर कोन बसलंय म्हनून मी बोलत ऱ्हाते, आनि ते मानूस कवाच उठून गेल्यालं असतंय. मग मला वाटतं, सगळंच घर गेलं का काय सोडून? म्हनून तर पाय टाकून बसते दारात. कोन गेलं ते कळाय पायजे. तुमी कुनाजवळनं उठला तर सांगून उठा रं पोरांनो."

जाताना प्रत्येकानं त्यांच्या हातावर ‘जातो’, ‘जाते’ लिहिलं. त्या दिवशी मी फार खूश होते, कारण पुढं काय वाढून ठेवलंय ते मला माहीत नव्हतं.

थंडीत शिष्यवृत्तीचा जादा तास सुरू झाला. तोवर आमच्या घरातलं पोर दिवस मावळल्यावर कधी बाहेर नसायचं. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवायचं. बाकीची मुलं अंधार पडेपर्यंत अंगणात खेळतात, आमची त्याआधीच हाक मारून पाटावर बसवलेली असतात. जेवण झालं की ट्यूबलाइटखाली अभ्यास आणि झोप. जादा तासामुळं सिद्धीचा हा नेम पहिल्यांदा मोडला. ती दिवेलागणीला घरी यायला लागली.

एका दुपारी आक्कांनी मला जवळ ओढलं. "वैशे, पोरगीला काय झालंय? दिवसा उडी मारून जाती, आनि सांजंला माज्या पायावर पडती. रोज."

मी हातावर लिहिलं, दमते.

"दमल्याली पोर अडकळती. ही आपटती. पाय हाईत ह्येच तिला दिसत न्हाई." मग त्या थांबल्या. बोट वर करून, एरवीच्या मानानं बऱ्याच हळू, म्हणजे निदान शेजारपर्यंतच जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला बी आदी सांजचंच दिसायचं बंद झालं हुतं."

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सिद्धी शाळेत होती, घरात कुणी नव्हतं, तरी ठेवला. म्हटलं, म्हातारं माणूस काहीही बोलतं. यांचा ताप, त्याचा काय संबंध?

पण संध्याकाळी मला राहवेना. अंगणात तिन्हीसांजेचा उजेड होता, मला पेरूच्या झाडाची पानंसुद्धा दिसत होती. सिद्धी फाटकातून आली. मी पेरू पुढं केला. "घे गं." ती माझ्या आवाजाच्या दिशेनं बघून हसली आणि तिनं हात पुढं केला, पेरूपासून वीतभर लांब. तिथंच हवेत तो हात इकडंतिकडं फिरला. "कुठाय?" तिनं विचारलं. मी तिला जवळ घेतलं आणि दार येईपर्यंत सोडलंच नाही. तिला वाटलं, आईला आज लाड आलाय.

सांगलीला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मशीनवर डोळे तपासले, कानाचं मशीन पाहिलं, आणि सिद्धीला बाहेर नर्सबरोबर बसवलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, म्हणाले. आधी कमी उजेडातलं दिसणं जातं, मग बाजूचं. किती जाईल, किती वर्षांत, ते आज सांगता येत नाही. यावर खात्रीचं औषध नाही. काही मुलांत याबरोबर कानही उतरत जातात. "तुमचं नात्यातलं लग्न आहे का? घरात आधी असं कुणाला होतं?"

महावीर म्हणाला, "न्हाई." मग थोडं थांबून म्हणाला, "आक्काआत्याचं डोळं गेलेत. पर ते तापात."

"तापात एकदम गेले की हळूहळू?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं आणि मलाही.

परत येताना सिद्धी आमच्या दोघांच्या मधे मोटरसायकलवर बसून गाणं म्हणत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊस. मी तिच्या डोक्यावरून महावीरच्या खांद्याला घट्ट धरलं होतं. घरी आल्यावर आण्णा आणि आत्यांना मागच्या खोलीत सगळं सांगितलं. आत्यांनी तोंडाला पदर लावला. आण्णांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "पोरीला काय बोलू नका. ल्हान हाय, भिईल. आनि बाहेर बी नगं. उद्या तिचं लगीन करायचं हाय." माझंही मत तेच होतं, खोटं कशाला बोलू! मला तर हायसं वाटलं. सांगायचं नाही म्हणजे ते तोंड उघडून बोलावं लागणार नाही.

पण दारात आक्का होत्या, आणि आक्कांना हळू बोलता येत नव्हतं.

मी त्यांच्या हातावर लिहिलं, सिद्धीच्या डोळ्यांचं कुणाला बोलू नका. तिलापण नाही.

"का?"

भिईल.

आक्का अशा चिडल्या की त्यांनी माझा हात झटकून टाकला. "आनि न्हाई सांगितलं तर भिनार न्हाई व्हय? बस हितं." दुपारची वेळ, सिद्धी शाळेत. तरी मी उठून खिडकी लावली. आक्का सांगत होत्या. "ताप बीप काय नव्हता मला. माज्या आईच्या मावशीचं असंच झालं हुतं, आईला ठावं हुतं. पर सांगितलं न्हाई कुनी. मी म्हनायची, आई, आज अंदार लवकर पडला गं. आई म्हनायची, कंदिलात त्याल कमी हाय. दुसऱ्या दिशी म्हनायची, आबाळ आलंय. मला वाटायचं, समद्यांनाच लवकर अंदार पडाय लागलाय. दिसच ल्हान व्हत चाललाय. मी कुनाला बोलले न्हाई, का तर बाकीची बी भीत असतील. आसं किती वरीस गेलं ठावं हाय? येकटी भीत हुते मी. आनि मग गुऱ्हाळावर जाऊन इस्तवात पाय दिला." त्यांनी लुगडं वर करून पोटरीवरचा भाजल्याचा व्रण दाखवला. तो मी रोज बघत होते, कधी विचारलं नव्हतं. "तवा सांगितलं. पाय जळल्यावर."

मी रडत होते. आक्कांच्या बोटांना ते कळलं असावं, त्यांनी माझा गाल चाचपला. पण आवाज नरमला नाही. "तू सांग. तू न्हाई सांगितलंस तर मी सांगीन."

त्या दिवसापासून मी घरात चोरासारखी वागायला लागले. सिद्धी आक्कांजवळ बसली की माझे कान तिकडं. आक्कांनी तोंड उघडलं की मी हातातलं काम टाकून धावायची. "सिद्धे, इकडं ये, पाणी आण. सिद्धे, दुकानात जा." आक्का रोज हात पुढं करायच्या आणि विचारायच्या, "सांगितलंस?" मी ‘उद्या’ लिहायची. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीतून बाहेर बघत बसायची. सिद्धी अडखळली की सगळे तिच्यावर ओरडायचे, "धांदरट कुठली! बघून चाल की!" आणि ते ऐकून मला वाटायचं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. बघून चाल म्हणे!

संक्रांतीनंतर आक्का आजारी पडल्या. छातीत कफ झाला, बसता येईना. दारातले पाय आतल्या कॉटवर आले आणि आमचं दार मोकळं पडलं. एका रविवारी दुपारी आण्णा आणि महावीर रानात होते, आत्या बस्तीत, म्हणजे देवळात गेल्या होत्या. मी आक्कांना पेज भरवत होते. सिद्धी त्यांच्या पायाशी बसून तळव्याला तेल लावत होती. आक्कांनी चमचा बाजूला सारला. सिद्धीचा हात ओळखीचा, तो त्यांनी धरून तिला वर ओढून घेतलं. मग मला. "आत्ता सांग," त्या म्हणाल्या. "माज्या म्होरं."

मी त्यांच्या हातावर नको, नको, नको असं लिहीत सुटले. त्यांनी हात काढून घेतला. एक तळवा माझ्या गळ्यावर ठेवला, दुसरा सिद्धीच्या गालावर. गळ्यावरचा हात तापानं भाजत होता. मी बोलते की नाही हे त्या हाताला कळणार होतं. पळायला जागा नव्हती. सिद्धी आळीपाळीनं आमच्या दोघींकडे बघत होती. "आई, काय झालंय?"

"सिद्धी," मी म्हणाले, "सांगलीच्या डॉक्टरांनी ना..."

"मला चष्मा लागणार?"

"नाही गं बाळा. चष्म्यानं होत नाही ते. तुला अंधारात दिसत नाही ना, ते आजारामुळं आहे. ते पुढं पुढं वाढतं. दिसायचं कमी कमी होत जातं."

"किती कमी?"

"डॉक्टरांनासुद्धा नक्की माहीत नाही."

"आक्काआजीसारखं?"

खोलीत फक्त आक्कांच्या छातीची घरघर. "थांबलीस का?" आक्का ओरडल्या. "घसा हालंना तुजा. बोल!"

"हो," मी म्हणाले. "तसं होऊ शकतं."

सिद्धी रडली नाही. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "तरीच. मला वाटलं, मी धांदरट आहे."

कोणत्याही आईला हे वाक्य ऐकायला लागू नये. किती महिने ती स्वतःला धांदरट समजत होती! सगळे ओरडत होते, मी त्यातलीच, आणि पोरगी मनातल्या मनात स्वतःला दोष देत होती. आक्का तिचा गाल चाचपत होत्या. "कोरडाच हाय," त्या मला म्हणाल्या. "रडली न्हाई अजून. रडू दे. मी धरलीया." आणि त्यांनी तिला छातीशी घेतलं. तिथं गेल्यावर सिद्धी रडली, हमसून हमसून. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "भ्या वाटतंय न्हवं? वाटू दे. मला बी वाटतंय. आता इचार आईला, काय इचारायचं ते. आता ती खोटं बोलनार न्हाई." मी पेजेची वाटी हातात धरून तशीच उभी होते.

संध्याकाळी आण्णा आले, त्यांना कळलं. मला वाटलं, आता रागावतील. ते आक्कांच्या कॉटवर बसले, त्यांचा अंगठा दाबला आणि तळहातावर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिलं, मला माहीत नाही. आक्का एवढंच म्हणाल्या, "असू दे रं. तू तरी तवा ल्हान हुतास."

त्यानंतर आक्का थोडे आठवडे होत्या. सिद्धी शाळेतून आली की त्यांच्याजवळच बसायची. काय काय विचारायची देव जाणे, आणि उत्तरं मात्र सगळ्या गल्लीला ऐकू यायची. "भाकरी भाजली का न्हाई ते वासावरनं कळतंय!" "न्हाई, लगीन न्हाई केलं. मागनी आल्ती, मीच नगं म्हनलं!" "व्हय, रडते की! कवातरी रडायचंच!" लोकांना कळू नये म्हणून आण्णांनी जे झाकायचं ठरवलं होतं, ते आक्कांच्या आवाजानं आठवड्याभरात गावभर झालं. मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. सिद्धी अडखळली तर आता कुणी ओरडत नाही. मैत्रिणी तासाहून येताना तिचा हात धरतात, आणि ती त्यांच्यावर दादागिरी करते.

आक्का एका दुपारी झोपेतच गेल्या. त्या दिवशी वर्गातली मुलं आली. मी त्यांना काही शिकवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. ती आपली रांगेनं पुढं झाली आणि एकेकानं आक्कांच्या तळहातावर आपलं नाव लिहिलं. मोठी माणसं बघत राहिली. आण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

माझी भीती गेली का? नाही. खरं सांगायचं तर आता ती जास्त आहे, कारण आता मला नाव माहीत आहे तिचं. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की मला जेवण जात नाही. सिद्धीनं एखादी वस्तू शोधायला थोडा वेळ लावला की मी श्वास धरून बघत बसते, आणि मी बघतेय हे तिला कळू नये म्हणून उगाच भांडी वाजवते.

परवा शाळेतून आल्यावर ती माझी ओढणी घेऊन समोर येऊन बसली. ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधली. कानाचं मशीन काढून डबीत ठेवलं. मग तळहात माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "लिही."

काय लिहू? मी तिचा हात हातात घेतला. छोटा हात, शाईचे डाग पडलेला. बोट टेकवलं आणि लिहिलं, भिऊ नको.

ती कपाळाला आठ्या घालून वाट बघत राहिली. मग जरा मोठ्या आवाजात म्हणाली, "आई, काही कळलं नाही. तुझा हात किती हलतोय! नीट लिही ना."

मी हात ओढणीच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लिहायला सुरुवात केली.